‘म’पासून बेस६४: बायनरी डेटा मजकुरात कसा बदलायचा आणि परत कसा मिळवायचा

प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेल्या प्रत्येकाला लवकरच एक लांबलचक स्ट्रिंग भेटते. तिच्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात, अधूनमधून + आणि / डोकावतात आणि शेवटी कधी एक, कधी दोन = असतात. एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) फोटोच्या जागी तीच पाठवतो, मेलचा मूळ सोर्स उघडला की पानंच्या पानं तीच असते, लॉगिन टोकनमध्येही तीच. हे बेस६४, म्हणजे बायनरी डेटा साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत. शिकवताना त्याची ओळख बहुतेक ठिकाणी ‘हॅलो वर्ल्ड’वर करून देतात. माझं ठाम मत आहे की मराठी माणसाने ते मराठी मजकुरावर शिकावं. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एकच बाइट, त्यामुळे अक्षर वेगळं आणि बाइट वेगळा हे ध्यानातच येत नाही आणि चुकीचा कोडही सुरळीत चालतो. तोच कोड ‘मराठी’ या शब्दावर चालवा, चूक पहिल्या मिनिटाला उघडी पडते.

लेखात रोमन अक्षरं नावाने लिहिली आहेत: ‘कॅपिटल के’, ‘स्मॉल यू’. फंक्शनांची नावंही उच्चाराप्रमाणे आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची. सोबत कागद-पेन घ्या. पहिलं एनकोडिंग हाताने करायचं आहे.

पायरी १: अक्षर आणि बाइट यांची फारकत करा

डिस्कवर किंवा नेटवर्कवर जे काही असतं ते बाइट्स असतात, म्हणजे ० ते २५५ यांमधल्या संख्या. प्रत्येक बाइट आठ बिटांचा, आणि एक बिट म्हणजे ० किंवा १. फोटो, गाणं, पीडीएफ, मजकूर, सगळ्यांना हेच लागू. मजकुराच्या बाबतीत फक्त कोणत्या संख्यांनी कोणतं अक्षर समजायचं याचा एक करार आधी ठरलेला असतो. आज तो करार जवळपास सगळीकडे यूटीएफ-८ हा आहे. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तो तयार केला.

यूटीएफ-८मध्ये ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४ हे तीन बाइट. देवनागरी तक्त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीनच बाइट लागतात, मग ते अक्षर असो, काना असो, वेलांटी असो की हलन्त. ‘मराठी’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिथे पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. पाच त्रिक पंधरा, म्हणून हा शब्द १५ बाइटांचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

पायरी २: मजकुरात बदलण्याची गरज कुठून आली ते समजून घ्या

ईमेलचा एसएमटीपी हा नियमसंच १९८२ साली आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांक दिलेला दस्तऐवज) म्हणून आला तेव्हा त्यात फक्त सात बिटांची अक्षरं गृहीत धरली होती, म्हणजे ० ते १२७. १२७च्या वरचा बाइट वाटेत सुखरूप राहील याची खात्री नव्हती. काही यंत्रणा आठवा बिट सरळ उडवायच्या. त्यात ओळ संपल्याची खूण विंडोजवर १३ आणि १० अशा दोन बाइटांची आणि युनिक्सवर नुसती १० अशी. मध्येच कुणी ‘मजकूरच आहे’ असं समजून एकाचं दुसरं करून टाकलं, तर मजकूर वाचता येतो, पण फोटो कायमचा बिघडतो.

पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट पाहिले की हा सगळा त्रास किती खरा होता ते कळतं: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला १३७ हा मुद्दाम १२७च्या वरचा ठेवला आहे. आठवा बिट कुणी उडवला तर फाइल उघडताक्षणीच समजतं. पुढे १३-१० ही जोडी आणि शेवटी एकटा १०, म्हणजे ओळींच्या खुणांची अदलाबदल कोणत्याही बाजूने झाली तरी पकडली जाते. मधला २६ हा जुन्या डॉसमध्ये मजकूर संपल्याची खूण होता. फाइल चुकून मजकूर म्हणून छापायला घेतली, तर छपाई तिथेच थांबावी म्हणून तो घातला.

आज मेलचे रस्ते सुधारले आहेत, पण अडचण दुसऱ्या रूपात तशीच आहे. डेटा मजकुराच्या रूपात लिहिण्याच्या जेसन या प्रकारात स्ट्रिंग आहे, संख्या आहे, यादी आहे, पण कच्चे बाइट ठेवायला प्रकारच नाही. त्याच जातीच्या एक्सएमएलमध्ये शून्य हा बाइट चालत नाही. म्हणून आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची एक्सएमएल फाइल उघडलीत तर तिच्यात फोटो बेस६४ स्ट्रिंगच्या रूपात बसवलेला असतो.

बेस६४चा उपाय असा: सगळीकडे सुरक्षित राहतील अशी ६४ चिन्हंच वापरायची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरक्षित मेलच्या प्रयोगांतून ही पद्धत पुढे आली, माइमने (मेलमध्ये फाइल जोडण्याच्या नियमांनी) १९९० च्या दशकात ती घराघरांत नेली आणि आज २००६ सालचा आरएफसी ४६४८ तिचा आधार मानला जातो.

पायरी ३: ‘म’ हाताने एनकोड करा

ही पायरी गाळू नका. अर्धा तास गेला तरी चालेल, पुढे अनेक तास वाचतात.

६४ चिन्हांचा तक्ता असा: ० ते २५ या संख्यांना कॅपिटल ए ते कॅपिटल झेड, २६ ते ५१ यांना स्मॉल ए ते स्मॉल झेड, ५२ ते ६१ यांना ० ते ९ हे आकडे, ६२ला + आणि ६३ला /. सहा बिटांत ० ते ६३ एवढ्याच संख्या मावतात, म्हणून एका चिन्हात सहा बिट.

आता ‘म’चे तीन बाइट आठ-आठ बिटांत लिहा:

२२४ → १११०००००
१६४ → १०१००१००
१७४ → १०१०१११०

हे चोवीस बिट सलग लिहा आणि सहा-सहाच्या गटांत पुन्हा तोडा:

१११००० ००१०१० ०१००१० १०१११०

या चार गटांच्या संख्या होतात ५६, १०, १८ आणि ४६. तक्त्यात बघा: ५६ म्हणजे आकडा ४, १० म्हणजे कॅपिटल के, १८ म्हणजे कॅपिटल एस, ४६ म्हणजे स्मॉल यू. ‘म’चं बेस६४ रूप म्हणजे ही चार चिन्हं. तीन बाइट आत गेले, चार चिन्हं बाहेर आली. बेस६४मध्ये आकार एक तृतीयांशाने वाढतो तो इथेच.

आता ‘र’ करून बघा. त्याचे बाइट २२४, १६४, १७६. पहिली तीन चिन्हं पुन्हा तीच येतात, चौथं स्मॉल डब्ल्यू. यात मराठी मजकुराची एक खूणगाठ सापडते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि बेस६४ही तीन-तीन बाइट घेतं, त्यामुळे सलग देवनागरी मजकुरात एका चिन्हाला बेस६४ची बरोबर चार घरं मिळतात. देवनागरी तक्त्याच्या पहिल्या ६४ चिन्हांना ‘४, कॅपिटल के, कॅपिटल एस’ अशी सुरुवात मिळते. दुसऱ्या ६४मध्ये दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त, देवनागरी आकडे येतात, त्यांना ‘४, कॅपिटल के, कॅपिटल डब्ल्यू’. लॉगमध्ये अशी सुरुवात वारंवार दिसली की आत मराठी, हिंदी, कोकणी किंवा नेपाळी मजकूर आहे हे डिकोड न करताच ओळखता येतं. मध्ये एक बाइटाची मोकळी जागा आली की ही घडी एका घराने सरकते आणि ठेवण बदलते. अशी तीन चिन्हं होऊन गेली की पुन्हा जागेवर येते.

पायरी ४: उरलेले बाइट आणि = चं काम

बाइटांची संख्या तीनने भागली जाते तोवर सगळं सरळ आहे. ‘म!’ घ्या. उद्गारचिन्ह एका बाइटाचं, ३३. तीन बाइटांचा पहिला गट झाला आणि एक बाइट उरला: ००१००००१. सहाच्या गटांत तोडला की ००१००० आणि ०१ उरतात. त्या ०१च्या मागे चार शून्यं जोडायची, ०१०००० होतं. संख्या ८ आणि १६, म्हणजे कॅपिटल आय आणि कॅपिटल क्यू. चारांचा गट पुरा करायला शेवटी दोन =. ‘म!!’ केलंत तर दोन बाइट उरतात, त्यांची तीन चिन्हं होतात आणि एकच = लागतो.

म्हणजे शेवटी = दिसला नाही तर बाइट तीनच्या पटीत होते, एक दिसला तर शेवटच्या गटात दोन बाइट होते, दोन दिसले तर एकच. तीन = कधीच येत नाहीत. = काढून टाकल्यावर उरलेल्या लांबीला चारने भागून बाकी १ येत असेल, तर वाटेत काहीतरी गळालं आहे, कारण एका चिन्हाच्या सहा बिटांत एक बाइटही बसत नाही.

पायरी ५: आता कोडमध्ये

पायथनपासून सुरुवात करू. त्यात बेस६४ नावाचं मॉड्यूल आधीपासून असतं, ते इम्पोर्ट करा. ‘मराठी’ हा शब्द व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि थेट बी६४एनकोड या फंक्शनला देऊन बघा. टाइपएरर येईल: बाइट्स हवेत, स्ट्रिंग चालत नाही. नवखे लोक या एररवर वैतागतात. मला मात्र पायथनचा हा आग्रह फार योग्य वाटतो, कारण इथे दोन वेगळी कामं आहेत आणि तो ती वेगळी करायला भाग पाडतो.

पहिलं काम मजकुराचे बाइट करणं. स्ट्रिंगवर एनकोड ही मेथड चालवा आणि यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. लांबी तपासा: स्ट्रिंगची ५, बाइटांची १५. दुसरं काम त्या बाइटांचं बेस६४ करणं. आता बी६४एनकोड मुकाट्याने २० चिन्हं देईल. मात्र तेही बाइट्स म्हणूनच मिळतात. छापून पाहिलं तर सुरुवातीला स्मॉल बी आणि एकेरी अवतरणचिन्ह दिसतं. त्यावर डिकोड मेथड ॲस्की (० ते १२७ एवढाच, इंग्रजी अक्षरांचा जुना तक्ता) सांगून चालवा, की साधी स्ट्रिंग हाती येते. इथे घाईने एसटीआर फंक्शन वापरलंत तर तो बी आणि अवतरणचिन्हंसुद्धा स्ट्रिंगचाच भाग होऊन जेसनमध्ये जातात. समोरच्या सर्व्हरला ते डिकोड होत नाही आणि दोष दोन टीम एकमेकींकडे ढकलत राहतात.

परत येताना हाच रस्ता उलटा: आधी बी६४डिकोड, मग मिळालेल्या बाइटांवर यूटीएफ-८चं डिकोड. फोटो किंवा पीडीएफ असेल तर दुसरं काम करायचंच नाही. बाइट आहेत तसे बायनरी मोडमध्ये उघडलेल्या फाइलमध्ये लिहायचे.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये बीटूए आणि एटूबी ही फार जुनी फंक्शनं आहेत. बीटूएला ‘मराठी’ दिलंत तर इनव्हॅलिड कॅरॅक्टर एरर येते, कारण २५५च्या पलीकडचं कॅरॅक्टर त्याला चालत नाही. आधी टेक्स्टएनकोडरने बाइट मिळवा, प्रत्येक बाइटाचं एक-एक कॅरॅक्टर करून स्ट्रिंग बनवा आणि ती बीटूएला द्या. डिकोड करताना लोक खास अडकतात. एटूबी जी स्ट्रिंग देतं तिच्यातलं प्रत्येक कॅरॅक्टर हा खरं तर एक बाइट असतो. ती तशीच पडद्यावर छापली तर ‘म’च्या जागी तीन चिन्हं येतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला स्मॉल ए, मग ¤ आणि मग ®. लॅटिन-१ या जुन्या तक्त्यात २२४, १६४ आणि १७४ या संख्यांची चिन्हं नेमकी हीच आहेत. वेबसाइटवर मराठीच्या जागी त्या ¤ची रांग दिसते ती याच कारणाने. बाइट बरोबर आहेत, फक्त वाचताना चुकीचा करार लावला आहे. त्यांना टेक्स्टडिकोडरमधून काढलं की मराठी परत मिळतं.

जावात आठव्या आवृत्तीपासून बेस६४ क्लास आहे. तिथे धोका गेटबाइट्स या मेथडचा. तिला कॅरॅक्टरसेट सांगितला नाही तर जावा १८च्या आधीच्या आवृत्त्या त्या मशीनचा डीफॉल्ट घेतात. तो देवनागरी न जाणणारा निघाला की प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं आणि मूळ मजकूर कायमचा जातो. याचीही खूण आहे: सलग प्रश्नचिन्हांचं बेस६४ ‘कॅपिटल पी, स्मॉल झेड, ८, /’ असं पुन्हा पुन्हा येतं. हे दिसलं तर डिकोड करण्यात वेळ घालवू नका, बिघाड एनकोड करणाऱ्या बाजूला आहे.

पीएचपीत स्ट्रिंग मुळात बाइटांचीच असते, त्यामुळे तिथे हा गोंधळ कमी होतो.

टर्मिनलवर बेस६४ नावाची कमांड लिनक्स आणि मॅक दोन्हींवर मिळते. इको वापरून शब्द तिच्याकडे पाठवला तर इको शेवटी ओळ संपल्याची खूण, म्हणजे १० हा बाइट, स्वतःहून जोडतं. मग ‘मराठी’ १६ बाइटांचा होतो आणि वीस चिन्हांपुढे ‘कॅपिटल सी, स्मॉल जी, = =’ असं शेपूट लागतं. पासवर्ड किंवा की एनकोड करताना हे शेपूट आलं तर लॉगिन होत नाही आणि नजरेला तर दोन्ही सारखंच दिसतं. प्रिंटएफ वापरा.

पायरी ६: + आणि / यांचा बंदोबस्त

‘मराठी’ची वीस चिन्हं नीट बघितली तर बारावं चिन्ह + आहे. ते आलं कान्यातून. कान्याचे बाइट २२४, १६४, १९०. शेवटचे सहा बिट ६२, म्हणजे +. देवनागरी तक्त्यात त्याच्या पुढचं चिन्ह ह्रस्व वेलांटी, तिच्या शेवटच्या सहा बिटांची संख्या ६३, म्हणजे /. सलग देवनागरीत प्रत्येक काना + देतो आणि प्रत्येक ह्रस्व वेलांटी / देते. काना आणि वेलांटीशिवाय मराठीत किती वाक्यं लिहिता येतील याचा विचार करा. इंग्रजी मजकुरात ही दोन चिन्हं क्वचित येतात, त्यामुळे इंग्रजीवर तपासलेला कोड वर्षभर ठीक चालतो आणि पहिल्या मराठी नावाला मोडतो.

मोडतो कसा, तेही बघू. यूआरएलच्या क्वेरीमध्ये + म्हणजे मोकळी जागा असा संकेत आहे. तुम्ही दुवा हाताने स्ट्रिंग जोडून बनवलात, तर सर्व्हरला + ऐवजी मोकळी जागा मिळते. पायथनचं बी६४डिकोड तक्त्याबाहेरची चिन्हं गुपचूप टाकून देतं. वीसची एकोणीस झाली की पॅडिंग चुकल्याची एरर येते आणि तुम्ही = जोडत बसता, तर दोष भलतीकडेच असतो. मजकुरात चार काने असतील तर आणखी वाईट: चार चिन्हं गळाली तरी लांबी चारच्या पटीतच राहते, डिकोड विनातक्रार होतं आणि बाइट चुकीचे निघतात. म्हणून पायथनमध्ये व्हॅलिडेट हा पर्याय ट्रू ठेवून डिकोड करायची सवय लावा. चुकलेलं चुकलंय असं लगेच कळलेलं बरं.

/ची तऱ्हा वेगळी. बेस६४ स्ट्रिंगच फाइलचं नाव म्हणून वापरली तर / आला की सिस्टिमला तिथे फोल्डर वाटतो.

यावर उपाय ठरलेला आहे. यूआरएलसाठीच्या बेस६४मध्ये +च्या जागी - आणि /च्या जागी _ वापरतात, बाकी तक्ता तोच. पायथनमध्ये यूआरएलसेफ नावाने सुरू होणारी जोडी आहे, जावात गेटयूआरएलएनकोडर, नोडमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) बेस६४यूआरएल. पीएचपीत ही दोन चिन्हं स्वतः बदलून घ्यावी लागतात. या प्रकारात शेवटचे = बहुधा गाळलेले असतात; डिकोडर अडला तर लांबी चारच्या पटीत येईपर्यंत ते परत जोडायचे. लॉगिनसाठी वापरतात ती जेडब्ल्यूटी टोकनं याच प्रकारची असतात, टिंबाने वेगळे केलेले तीन भाग. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसवरच्या क्यूआर कोडमध्येही असंच सही केलेलं टोकन असतं.

पायरी ७: डिकोड करण्याआधी स्ट्रिंगचा चेहरा वाचा

प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते, त्यामुळे तिच्या बेस६४ रूपाची सुरुवातही ठरलेली. पीएनजी ‘स्मॉल आय, कॅपिटल व्ही, कॅपिटल बी, कॅपिटल ओ’ने सुरू होते. जेपेग ‘/, ९, स्मॉल जे, /’ने. पीडीएफ ‘कॅपिटल जे, कॅपिटल व्ही, कॅपिटल बी, कॅपिटल ई’ने. जेसनमधून आलेलं टोकन बहुतेक वेळा ‘स्मॉल ई, स्मॉल वाय, कॅपिटल जे’ने. एवढं पाठ असलं की ‘फोटो उघडत नाही’ अशी तक्रार आल्यावर आत फोटो आहे की भलतंच काही, हे एका नजरेत कळतं.

सुरुवातीला ‘डेटा’ हा शब्द, कोलन, इमेजचा प्रकार आणि मग स्वल्पविराम असा मजकूर दिसला तर तो डेटा यूआरआय आहे. बेस६४ सुरू होतं ते स्वल्पविरामाच्या पुढे. आधीचा भाग कापून टाका. तो राहिला तर त्यातली अक्षरंही तक्त्यातलीच असल्यामुळे ढिला डिकोडर त्यांनाही डेटा समजतो आणि फोटोच्या तोंडाशी कचरा येतो.

मेलच्या विषयाच्या ओळीत मराठी असेल तर ती =? ने सुरू होणाऱ्या तुकड्यांत जाते. तुकड्यात कॅरॅक्टरसेटचं नाव, मग बेस६४ दाखवणारा बी आणि मग मजकूर. असा एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा लांब नसावा हा नियम. सुरुवात-शेवटाची बारा चिन्हं वजा केली की ६३ उरतात, त्यांत चारांचे १५ गट बसतात, म्हणजे एका तुकड्यात देवनागरीची १५ चिन्हं. लांब विषय तोडताना चिन्हाच्या मधोमध तोडायचा नाही, असंही नियम सांगतो. स्वतः मेल पाठवणारा कोड लिहिणाऱ्यांनी हे काम लायब्ररीवर सोपवावं. हाताने तोडलेल्या विषयांत शब्दाच्या मध्येच चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात.

पायरी ८: बेस६४ कधी वापरू नये

गुप्ततेसाठी तर मुळीच नाही. यात चावी नाही, पासवर्ड नाही. तक्ता जगजाहीर आहे आणि ‘म’ तुम्ही आत्ताच कागदावर केलात. वेबवरच्या बेसिक ऑथमध्ये नाव आणि पासवर्ड असेच बेस६४ करून जातात, म्हणून एचटीटीपीएस नसेल तर ते उघड्यावर पाठवण्यासारखंच आहे. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या सीक्रेट फाइलमधली मूल्यंही बेस६४ असतात. ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवायच्या साधनात) चढवली म्हणजे पासवर्डच चढवला.

डेटाबेसमध्ये फोटो बेस६४ करून ठेवण्याची पद्धत खूप दिसते. मला ती पटत नाही. डेटाबेसला बायनरी कॉलम असतो, तो बाइट आहेत तसे ठेवतो. बेस६४ केलंत की जागा एक तृतीयांश जास्त आणि प्रत्येक वाचनाला डिकोडचं काम. मेलमध्ये तर दर ७६ चिन्हांनंतर ओळ तोडायची असते, त्यामुळे वाढ आणखी थोडी जास्त होते. मेलसेवेची मर्यादा २५ एमबी असेल आणि ती एनकोड झालेल्या आकाराला लावत असेल, तर मूळ फाइल १८ एमबीच्या आसपासच असायला हवी. फाइल लहान करायची असेल तर आधी कॉम्प्रेस करा आणि मग एनकोड. उलट क्रमाने फायदा घटतो.

माणसाने वाचून टाइप करायचं असेल तर बेस६४ गैरसोयीचं, कारण त्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक महत्त्वाचा. लहान गोष्टींसाठी, उदाहरणार्थ फाइलचा हॅश (तिच्या बाइटांवरून काढलेली छोटी ओळखखूण) दाखवायला, हेक्स चांगलं: एका बाइटाची दोन चिन्हं, आकार दुप्पट, पण डोळ्यांना सोपं. ओटीपी ॲपमध्ये हाताने टाकायची सीक्रेट की बेस३२मध्ये असते. त्यात २६ अक्षरं आणि २ ते ७ हे आकडे. शून्य आणि एक मुद्दाम वगळले आहेत, म्हणजे अक्षर की आकडा असा घोटाळा होत नाही. आधारचा सिक्युअर क्यूआर कोड तर सगळा डेटा एका प्रचंड लांब दशमान संख्येच्या रूपात ठेवतो. क्यूआर कोडमध्ये नुसते आकडे असले की तीन आकडे दहा बिटांत बसतात, त्यामुळे तिथे हीच रीत काटकसरीची. वापरायची जागा बघून एनकोडिंग निवडायचं ते असं.

पायरी ९: मोठी फाइल तुकड्यांनी करताना

शेकडो एमबीची फाइल एकदम मेमरीत घेऊन एनकोड करू नका. तुकडे करा, पण तुकड्याचा आकार तीनच्या पटीत ठेवा. बरेच जण सवयीने १०२४ किंवा ४०९६ बाइटांचा तुकडा घेतात. या दोन्हींना तीनने भागलं की बाकी १ उरते, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दोन = येतात आणि तुकडे जोडले की ते = स्ट्रिंगच्या मधोमध अडकतात. काही डिकोडर तिथे एरर देतात, काही पहिल्या = पाशी थांबून उरलेली फाइल सोडून देतात. ३०७२ घ्या. ७६ चिन्हांच्या ओळी हव्या असतील तर ५७ बाइटांची एक ओळ होते, म्हणून ५७च्या पटीतला कोणताही आकडा चालतो. डिकोड करताना तुकडा चारच्या पटीत घ्यायचा, आणि ओळी तोडलेल्या असतील तर ओळींच्या खुणा आधी काढून मग मोजायचं. काम झाल्यावर मूळ फाइल आणि परत मिळालेली फाइल या दोन्हींचा एसएचए-२५६ हा हॅश काढून ताडून बघा. नुसता आकार जुळला म्हणून समाधान मानू नका.